जुन्या शाळेला एक फोन करा

प्रति,
विशेष शाळांचे मुख्याध्यापक, थेरपी केंद्रांचे संचालक आणि घरी मदतनीस पाठवणाऱ्या संस्थांचे व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. तोंडाने तो फारसं बोलत नाही, टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगतो. माझ्या नोकरीपायी आम्ही आजवर तीन वेळा बिऱ्हाड हलवलं. बदलीचा हुकूम माझ्या नावाने निघतो आणि त्याची झळ त्याला बसते. दर वेळी आम्ही नवरा-बायको ज्या दारांशी जाऊन उभे राहिलो ती दारं तुमची होती, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

तुमच्यातल्या अनेकांनी आमच्या मुलासाठी जे केलं ते आम्ही विसरणार नाही. एका बाईंनी वर्षभर खपून त्याला ‘नको’ म्हणायला शिकवलं. तोवर त्याच्याकडे नको म्हणायला चावणं आणि डोकं आपटणं एवढंच होतं. त्यामुळे हे पत्र रागाने लिहिलेलं नाही. पण एक शाळा सुटते आणि दुसरी सुरू होते, त्या मधल्या फटीत जे घडतं ते कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. जुनी शाळा म्हणते, आता तो आमचा नाही. नवी म्हणते, अजून तो आमचा नाही. त्या फटीविषयी मला बोलायचं आहे.

शोध कसा सुरू होतो ते आधी सांगतो. बदलीची खबर लागली की हातात साधारण दोन महिने असतात. पहिल्या शाळेला फोन केला की उत्तर येतं, “मूल बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.” म्हणजे लांबचा प्रवास करून त्याला एका दिवसासाठी अनोळखी खोलीत अनोळखी माणसासमोर बसवायचं. दुसरी शाळा म्हणते, “आधी इथला राहण्याचा पुरावा आणा.” घर तर आम्हाला शाळा ठरल्यावर तिच्या जवळ घ्यायचं असतं, कारण हॉर्नच्या आवाजाने कानांवर हात दाबून बसणाऱ्या मुलाला रोज तासभर बसमध्ये कोंडून चालत नाही. शाळा घराचा पत्ता मागते, घर शाळेच्या पत्त्यावर अडलेलं असतं. तिसऱ्या ठिकाणी नाव लिहून घेतात. वेटिंग लिस्ट आहे म्हणतात. किती दिवसांची, तर सांगता येत नाही.

हे ‘सांगता येत नाही’ आम्हाला सगळ्यात महागात पडलं. “तुमच्या आधी चौदा मुलं आहेत, गेल्या वर्षी आमच्याकडे सहा जागा रिकाम्या झाल्या,” एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी आम्ही गणित मांडलं असतं. मी एकटा पुढे गेलो असतो, ती दोघं जुन्या शाळेपाशी वर्षभर राहिली असती. दुसऱ्या बदलीत आम्ही तिघे एकदमच गेलो. ‘लवकरच कळवतो’ या दोन शब्दांच्या भरवशावर गेलो, आणि मुलगा सात महिने घरी बसला. वाईट बातमी असली तरी ती आकड्यांत द्या. आम्हाला ती पेलते. ताटकळणं पेलत नाही.

१९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पाहिलेल्या अकरा मुलांवर एक लेख लिहिला. ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासाची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात, तेव्हा तुम्हाला तो ठाऊक असेलच. त्यात घर बदलण्याचा एक प्रसंग आहे. सामान हलवणारी माणसं खोलीतला गालिचा गुंडाळू लागली तसा त्यातला एक मुलगा सैरभैर झाला. नव्या घरात आपलं सामान पूर्वीसारखंच मांडलेलं दिसेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते दिसलं आणि त्याची भीती एकदम ओसरली. तो प्रत्येक वस्तूपाशी जाऊन तिला मायेने थोपटत राहिला.

तिसऱ्या बदलीआधी मी हे वाचलं. मग आम्ही मुलाच्या खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढले, पलंग भिंतीपासून किती अंतरावर आहे ते टेपने मोजलं. ट्रकमध्ये त्याचं सामान सगळ्यात शेवटी चढवलं, म्हणजे उतरताना ते पहिलं उतरेल. नव्या घरात स्वयंपाकघर लागायच्या आधी त्याची खोली लागली. जुन्या चादरी मुद्दाम न धुता आणल्या होत्या, वास तोच राहावा म्हणून. तो आत गेला, पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं, खिडकीकडे पाठ करून त्याच्या नेहमीच्या जागी बसला. त्या रात्री तो झोपला. आधीच्या दोन्ही बदल्यांत पहिले तीन आठवडे तो रात्री सलग झोपला नव्हता.

घर आम्हाला जसंच्या तसं मांडता आलं. पण त्याचा निम्मा दिवस तुमच्याकडे जातो आणि तो आम्हाला मांडता येत नाही. कोणत्या खुर्चीवर तो शांत बसतो, घंटा व्हायच्या आधी त्याला कोणतं चित्र दाखवावं लागतं, डाव्या कानावर चापट मारू लागला तर कान दुखत असतो आणि उजव्यावर मारू लागला तर पंख्याचा आवाज सहन होत नसतो, हे सगळं जुन्या शाळेतल्या बाईंना माहीत होतं. त्यातलं निम्मं आम्हालाही माहीत नव्हतं. आधीच्या एका बदलीत आम्ही निघताना त्यांनी चार पानं हाताने लिहून दिली. पहिल्या पानावर सगळ्यात वर स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, “नव्या शाळेने केव्हाही फोन करावा.”

नव्या ठिकाणी ती पानं फाईलला लागली. कुणी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी असेसमेंट, म्हणजे त्याला काय येतं याची चाचणी, ठेवली गेली.

या असेसमेंटविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे जे घडतं त्याचे परिणाम वर्षभर पुरतात. आमच्या मुलांना एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप करता येत नाही, हे तुम्ही आम्हाला शिकवलं आहे. घरच्या नळाखाली हात धुणारा मुलगा शाळेतल्या नळासमोर नुसता उभा राहतो, कारण नळ वेगळा आहे, आवाज वेगळा आहे, पाणी सोडायची तऱ्हा वेगळी आहे. मग घर, शाळा, रस्ता, माणसं, सगळंच बदलल्यावर तिसऱ्या दिवशी केलेल्या चाचणीत काय मोजलं जातं? माझ्या मुलाला काय येतं हे त्या दिवशी मोजलं गेलं नाही. त्याला किती भीती वाटते आहे तेवढं मोजलं गेलं. अहवालात लिहिलं होतं की तो रंग ओळखत नाही, दोन पायऱ्यांची सूचना पाळत नाही, स्वतः जेवत नाही. तिन्ही गोष्टी तो गेली दोन वर्षं करत होता. त्या अहवालावरून त्याला अगदी सुरुवातीच्या गटात बसवलं, रंग ओळखायला. सहा महिने तो रंग ओळखत बसला. कंटाळून तक्ते फाडू लागला तेव्हा ‘वर्तनसमस्या’ असा नवा शेरा चढला.

माझी विनंती एवढीच की नव्याने आलेल्या मुलाची पहिली चाचणी पहिल्या आठवड्यात घेऊ नका. सहा आठवडे जाऊ द्या. तोवर जुना अहवाल खरा धरा. जुन्या शाळेच्या अहवालावर विश्वास टाकायला तुम्हाला जड जातं, हे मला कळतं. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, फॉर्म वेगळे, काही अहवाल फुगवलेलेही असतात. म्हणूनच तर फोन करायचा. वीस मिनिटं त्या बाईंशी बोललं की अहवालात किती दम आहे हे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला लगेच समजेल.

टॅबलेटचं तर मला आजही आठवतं. त्याच्या पडद्यावर ‘नको’ हे चित्र डावीकडे खाली होतं, ‘पुरे’ त्याच्या शेजारी. तो बघतही नसे, बोट आपोआप तिकडे जाई, जसं आपलं बोट अंधारात दिव्याच्या बटणावर जातं. एका केंद्रात त्यांचं स्वतःचं वेगळं अ‍ॅप होतं आणि सगळ्या मुलांना तेच, असा नियम होता. त्यात ‘नको’ दुसऱ्या पानावर होता. पहिल्या आठवड्यात तो जुन्या जागेवर बोट दाबत राहिला आणि टॅबलेट भलतंच काहीतरी बोलत राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याने टॅबलेट भिरकावला. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा चावू लागला. चार वर्षांपूर्वी सुटलेली सवय. त्या केंद्रातली माणसं वाईट नव्हती, त्यांना वाटलं मुलगा हिंसक आहे. पण त्याची भाषाच काढून घेतली होती. बोलत्या मुलाला कुणी असं सांगेल का, की आमच्या शाळेत ‘नाही’ला दुसरा शब्द आहे, तो शिकेपर्यंत गप्प बस? मूल जे अ‍ॅप, जी चित्रं, ज्या खुणा घेऊन येतं, तीच त्याची वाणी समजा. तिला हात लावायचा असेल तर मागाहून लावा, हळूहळू, त्याच्या जुन्या थेरपिस्टना विचारून.

आता घरी येणाऱ्या मदतीविषयी. शाळेची चर्चा सगळे करतात, याची कुणी करत नाही, आणि आमच्यासारखी घरं खरी उभी राहतात ती याच मदतीवर. जुन्या गावी एक ताई रोज संध्याकाळी तीन तास यायच्या. त्याला अंघोळ घालायच्या, फिरवून आणायच्या, तेवढ्या वेळात माझी बायको पाठ टेकायची. बदली झाली की सगळ्यात आधी तुटतो तो हा धागा, आणि जुळतो सगळ्यात शेवटी. नव्या ठिकाणी संस्थेने सांगितलं, घर लागलं की कळवा, मग आम्ही घरभेट देऊ, मग माणूस शोधू. दहा आठवडे गेले. ते दहा आठवडे म्हणजे नेमके तेच, जेव्हा मुलगा झोपत नव्हता, शाळा नव्हती आणि मी नव्या नोकरीत रजा मागू शकत नव्हतो. मग माणूस आला, पण दर आठवड्याला वेगळा. पाच आठवड्यांत पाच जण. प्रत्येकाला माझी बायको पहिल्यापासून सगळं सांगे आणि मुलगा प्रत्येकाला पाहून पलंगाखाली जाई.

अगदी सुरुवातीच्या दिवसांतच मदत का हवी, याचं एक कारण जिवाशी गाठ घालणारं आहे. २०१२ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या बाराशेहून अधिक ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना विचारलं होतं. जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी घरातून किंवा सुरक्षित जागेतून निसटून जायचा प्रयत्न केला होता, आणि निसटलेल्यांपैकी अनेकांना वाहनांचा किंवा बुडण्याचा धोका झाला होता. जुन्या घराच्या दाराला वर कडी होती, शेजारी त्याला ओळखत होते, कोपऱ्यावरचा दुकानदार त्याला हाताला धरून परत आणत असे. नव्या घरी यातलं काहीच नसतं. जवळपास विहीर, तलाव, पोहण्याचा हौद कुठे आहे हेसुद्धा आम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक नसतं. आमचा मुलगा नवव्या दिवशी निसटला. चाळीस मिनिटांनी सापडला, एका बांधकामाच्या खड्ड्याशी, पाण्याकडे बघत उभा. त्या चाळीस मिनिटांविषयी याहून जास्त मला लिहिता येत नाही.

घरभेट सामान यायच्या आधी होऊ शकते. रिकाम्या घरात तर दारं, खिडक्या, कड्या, गच्चीचा कठडा नीट दिसतात. माणूस आधी ठरवून त्याचा फोटो आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, तर आम्ही तो मुलाला महिनाभर रोज दाखवू शकतो. दारात तो उभा राहील तेव्हा अनोळखी नसेल. आणि पहिले तीन महिने तोच माणूस राहू द्या. तुमच्या वेळापत्रकाची ओढाताण मला दिसते, या कामात लोक टिकत नाहीत, पगार तुटपुंजे असतात, हेही मी जाणतो. तरीही नव्याने आलेल्या घरासाठी एवढी तजवीज आधी करा, मुरलेल्या घराची नंतर. मुरलेलं घर एखादा बदल सोसतं.

हे सगळं अशक्य कोटीतलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं १९वं कलम घरी मिळणाऱ्या मदतीचा स्पष्ट उल्लेख करतं. अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात २००४ पासून अशी तरतूद आहे की शालेय वर्षाच्या मध्येच मुलाने शाळा बदलली, तर नव्या शाळेने मुलाच्या आधीच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या तोडीच्या सेवा द्यायच्या, जुनी कागदपत्रं तातडीने मागवायची आणि जुन्या शाळेने ती तातडीने द्यायची. इंग्लंडमध्ये मुलाचा शिक्षण-आरोग्य-देखभाल आराखडा त्याच्याबरोबर नव्या स्थानिक प्रशासनाकडे जातो, आणि त्याचा फेरआढावा कधी घेणार हे त्या प्रशासनाने सहा आठवड्यांत कळवायचं असतं. तिथल्या पालकांनाही झगडावं लागतं, कायदा झाला म्हणून फट बुजत नाही. पण मुलाने शून्यापासून सुरुवात करायची नाही, ही गोष्ट कुणीतरी कागदावर आणली आहे. तुमच्या शाळेच्या प्रवेश-नियमांत असं एक वाक्य घालायला तुम्हाला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

एक गोष्ट जड मनाने लिहितो. तुमची दारं बंद असतात तेव्हा दुसरी दारं उघडी असतात. नव्या गावी, महिना-दोन महिने हेलपाटे घालून थकलेल्या आईबापांना कुणीतरी हमखास भेटतं, जे वेटिंग लिस्ट नाही म्हणतं आणि तीन महिन्यांत मुलगा बरा करून देतो म्हणतं. ‘चमत्कारी द्रावण’ म्हणून जे पाजलं जातं ते क्लोरिन डायऑक्साइड, म्हणजे ब्लीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये इशारा दिला, तरी ते ऑटिझमवरचा उपाय म्हणून विकलं जातच राहिलं. आम्हाला असा माणूस भेटला होता. माझी बायको ठाम उभी राहिली म्हणून वाचलो. मी त्या दिवशी डगमगलो होतो, इतका थकलेलो होतो. तुमच्याकडे जागा नसेल तर नसेल, पण नाव नोंदवून घेताना पाच मिनिटं देऊन एवढं सांगा की मधल्या काळात घरी काय करता येईल आणि कशाच्या वाटेला जाऊ नये. दिवसाचं वेळापत्रक चित्रांनी कसं लावायचं ते एका कागदावर द्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास, शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात येऊन बसू द्या. भिंती ओळखीच्या होतील, जिना ओळखीचा होईल. जागा मिळेल त्या दिवशी निम्मं काम झालेलं असेल.

तिसऱ्या बदलीत एका शाळेने हेच केलं. मुख्याध्यापिकांनी फोनवरच सांगितलं, “जागा चार महिन्यांनी आहे, जूनच्या आधी नाही. पण दर शुक्रवारी साडेचारला घेऊन या.” आम्ही सोळा शुक्रवार गेलो. पहिल्या शुक्रवारी तो फाटकातून आत आला नाही, फाटकाच्या गजांवरून बोटं फिरवत अर्धा तास उभा राहिला आणि आम्ही परत आलो. सहाव्या शुक्रवारी वर्गात जाऊन खिडकीकडे पाठ करून बसला. ती खुर्ची त्यांनी त्याच्यासाठी ठेवली. पहिल्या खऱ्या दिवशी तो तिच्यावर जाऊन बसला आणि मी बाहेर गाडीत बसून रडलो.

त्या शाळेनेही जुन्या बाईंना फोन मात्र केला नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल. त्या अजून विचारतात, कुणी फोन केला का हो, मी वाट बघत होते. ती चार पानं आता फाईलमध्ये मागे गेली होती, ती मी कालच काढून पुन्हा सगळ्यात वर लावली. कडा फाटल्यात, पण नंबर वाचता येतो.

आपला,
एक बाप